गाडी तापेपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत बारामतीहून इंदापूरला सकाळी सहाला निघायचे असेल, तर मी पावणेसहाला कार्यालयासमोर पोचत असे. गाडी तापायला दहा मिनिटे लागत, कडाका असेल तर पंधरा. एका जिल्हा दैनिकाचा बातमीदार म्हणून मी तीस वर्षे काम केले, त्यातली बावीस बारामतीत. छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे घरी चार खोक्यांत आहेत. ती मी क्वचितच उघडतो. निवृत्त झाल्यापासून थंडी पडली की आठवतात ती फक्त गाडी तापण्याची मिनिटे, आणि त्यांचे कात्रण कुठेही नाही.

गाडी म्हणजे कार्यालयाची जुनी डिझेल जीप, आणि तिचे ड्रायव्हर दगडूतात्या. राहणार कन्हेरी. उंची बेताची, कानाला तपकिरी मफलर, बोलणे कमी. मी बारामतीत रुजू झालो तेव्हा ते आधीपासून त्या जीपवर होते. बातमीदार बदलत, जीप आणि तात्या तेच राहत. नव्या माणसाला तालुका दाखवण्याचे काम कुणी त्यांना दिलेले नव्हते, तरी ते करत. कोणत्या गावच्या सरपंचाला आधी फोन केलेला आवडत नाही, कुणाच्या बांधावर चप्पल काढून जावे लागते, मोरगावच्या बाजूला पाणी मागितले की लोक आधी बसायला का सांगतात, हे मला त्यांच्याकडून कळले.

बाहेरच्यांसाठी थोडे इंजिनाबद्दल सांगायला हवे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आतली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते पेट घेते. थंडीत भोवतीचे लोखंड गार असते आणि ही उष्णता ते ओढून घेते. म्हणून जुन्या गाडीला आधी हीटर द्यावा लागे. चावी अर्धी फिरवायची. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन गार आहे, आतल्या हीटरच्या कांड्या तापताहेत, थांबा. दिवा विझला की चावी पूर्ण फिरवायची.

गाडी सुरू झाली म्हणजे निघाली असे नाही. तळाशी बसलेले ऑइल थंडीत तुपासारखे घट्ट झालेले असते. ते वरपर्यंत चढेतोवर इंजिनावर भार टाकायचा नाही, हा तात्यांचा नियम. मोजायचे साधन त्यांचा उजवा तळहात. बॉनेटवर, डाव्या दिव्याच्या मागे वीतभर अंतरावर एक जागा होती. तिथे तळहात ठेवायचा. पत्र्यातून ऊब लागली की पहिला गिअर. त्या जागेचा रंग बाकीच्या बॉनेटपेक्षा फिका झाला होता.

थंडीत चालू गाडी उभी असली की माणसे जवळ येतात. काटेवाडीहून दूध घेऊन येणारा बबन मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन लटकावून रोज त्याच वेळी पोचे. मंडईत मेथी-कोथिंबीर उतरवून परतणारे दोघे-तिघे असत. सगळे बॉनेटवर हात ठेवून उभे राहत.

"तात्या, जरा सरका की. ह्या जीपपरीस आमची म्हस गरम असती."

"मग म्हशीवर बसून यायचं व्हतं, बबन्या. फटफटी कशाला काढली?"

"डांबरी रस्त्याला लाजती ती."

बातमीदारीत लोकांना वाटते त्याच्या उलट घडते. बातमी विचारायला गेले की माणूस सावध होतो, हाताची घडी घालतो, 'तसं काय न्हाय' म्हणतो. हात गरम पत्र्यावर ठेवून उभा असलेला माणूस सावध नसतो. त्याला फक्त गाडी निघेपर्यंत वेळ काढायचा असतो. वही मी कधी बाहेर काढली नाही.

एका सकाळी बबनचे कॅन भरलेले होते आणि तो गावाकडे तोंड करून उभा होता. तात्यांनीच विचारले, "माघारी का रं?"

"फॅट लागंना म्हनं. निम्म्या गावाचं दूध माघारी धाडलं संकलनावरनं. काल बी त्येच, परवा बी."

"म्हशी त्याच न्हवं?"

"म्हशी त्याच, वैरन तीच. मशीन बदललंय."

बाकी सगळे हसले, मी नाही. दिवसभर चौकशी केली. दुधाचा नमुना थंडीत कोमट करून मग यंत्रात घालायचा असतो. घाईत तो गारच घातला जात होता आणि आकडा खाली येत होता. बातमी तीन कॉलम लागली, आठवड्यात पद्धत सुधारली. मुख्य कार्यालयाने सूत्र विचारले. मी 'विश्वसनीय' असे कळवले. बॉनेट असे कळवता येत नव्हते.

तात्यांच्या नियमावर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात पारा एकाएकी खाली आला. इंदापूर तालुक्यातल्या द्राक्षबागांत घड पोसत होते. अशा थंडीत मणी तडकतात, म्हणून बागाईतदार पहाटे ओळींमधून शेकोट्या करतात. धुराने आणि उबेने बागेतली हवा थोडी वर राहते. निमगाव केतकीच्या संपतराव नावाच्या बागाईतदाराने आदल्या दिवशी फोन केला होता. मला उजाडण्याआधीचा फोटो हवा होता, धूर जमिनीसरसा तरंगत असतानाचा.

"तात्या, आज तापवत बसू नका. निघू या."

"पाच मिन्टं द्या सायेब. आशी गार न्हेली तर धापा टाकील."

"वाटेत तापेल."

तात्यांनी गिअर टाकला. गावाबाहेर कालव्याच्या पुलाचा चढ लागतो. पुढे उसाची बैलगाडी होती. तिच्यामागे वेग कमी करून पुन्हा जोर द्यायची वेळ आली तेव्हा जीपने पांढरा धूर सोडला, दोन हिसके दिले आणि ती बंद पडली. मागे आणखी चार बैलगाड्या येऊन थांबल्या. गाडीवानांनी आम्हा दोघांच्या घराण्यांची चौकशी केली. बॅटरी थंडीत आधीच अर्धी झालेली. चावी फिरवून फिरवून उरलेलीही गेली. शेवटी त्याच गाडीवानांनी जीप ढकलून उतारावर लावली.

निमगावला पोचलो तेव्हा उन्हाने बाग भरली होती. संपतराव राखेच्या ढिगापाशी चहा पीत बसले होते.

"या बातमीदार. राखंचा फोटो काढा आता. ती बी आमचीच हाय."

तात्या दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीप सुरू केली, मला पुढे बोलावले आणि बॉनेटवरच्या त्या फिक्या जागेकडे बोट केले. "ठेवा हात." मी ठेवला. "लागतंय काय?" "नाही." "मग?" त्या दिवसापासून निघायचे कधी, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. पुढे पुढे मी तात्यांपेक्षा कडक झालो. त्यांनी गिअरला हात घातला की 'राहू द्या अजून पाच मिनिटं' हे मी म्हणू लागलो. ते इंजिनासाठी होते की बॉनेटभोवतीच्या माणसांसाठी, याचा तपास मी केला नाही.

मग मोबाइल आले. इंदापूरचे शेतकरी बागेतूनच फोटो पाठवू लागले. उजनी धरणाच्या काठावरून मासळीचे, पाखरांचे, पाणी ओसरल्यावर केलेल्या गाळपेराचे फोटो मी चहा पिऊन होण्याआधी येत. इंदापूरच्या फेऱ्या आठवड्याला तीनवरून एकीवर आल्या, नंतर महिन्याला दोनवर. पुण्याहून वरिष्ठ संपादक आले असताना त्यांनी तात्यांच्या समोरच विचारले, "तालुक्याच्या कार्यालयाला ड्रायव्हर कशाला लागतो? तुम्हाला चालवता येते ना?" मी 'येते' म्हणालो. खोटे बोलण्याचा प्रश्न नव्हता. तात्यांची नेमणूक वर्षावर्षाने वाढवली जाई आणि त्यांच्या साठीला तीन वर्षे राहिली होती. संपादक गेल्यावर ते एवढेच म्हणाले, "सायेब, ह्या तीन वर्सात गाडीला खोट निघता कामा नये. मला स्टेरिंगवरनं माझं मी उतरायचंय. कुनी उतरवायचं न्हाय."

त्याच वर्षी जीप मोडीत गेली आणि नवी गाडी आली. पांढरी, बंद काचांची, डिझेलचीच, पण नव्या प्रदूषण नियमांची. तात्यांनी तिला जीपपेक्षा जास्त जपले. रोज पुसली. टायरची हवा आठवड्याला दोनदा पाहिली. आणि पहिल्या थंडीपासून रोज सकाळी तापवली, पंधरा पंधरा मिनिटे. तिचे बॉनेट जाड अस्तराचे होते, ऊब हाताला लागायला जास्त वेळ लागे. माणसे मात्र पूर्वीसारखीच जमत. बबन म्हणाला, "तात्या, ही तापतच न्हाय. सरकारी हाय काय?"

दुसऱ्या हिवाळ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि विझेना.

तात्यांना पिवळ्या दिव्याचा एकच अर्थ माहीत होता, आणि तो त्यांनी आयुष्यभर बरोबर लावला होता. इंजिन गार आहे, थांबा. ते थांबले. पंधराची वीस मिनिटे झाली. दिवा तसाच. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "सायेब, हे पिवळं इजत न्हाय. खनात विंग्रजी पुस्तक हाय गाडीचं. बघता का जरा?"

"बघतो," मी म्हणालो. "गारठा जास्त आहे म्हणून असेल. राहू द्या अजून पाच मिनिटं."

पुस्तक हातभर अंतरावर, समोरच्या खणात होते. मी ते काढले नाही. नव्या बातमीदारांना मी पहिल्या दिवशी शिकवायचो की ऐकलेले छापायचे नाही, कागद पाहायचा. त्या सकाळी बबन कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावळीचा किस्सा सांगत होता आणि मला तो पूर्ण ऐकायचा होता.

आठ-दहा दिवसांनी इंदापूरची फेरी निघाली. लासुर्ण्याच्या पुढे गाडीचा जोर गेला. पिवळ्या दिव्याशेजारी लाल दिवा लागला. तात्या पाय पूर्ण दाबत होते आणि गाडी ताशी चाळीसच्या वर जात नव्हती. उसाने भरलेले ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेले. तात्यांच्या कपाळावर थंडीत घाम होता. "काय खोट निघाली हिला?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोज तापवलीय. एक दिस चुकवला न्हाय."

गाडी उचलून पुण्याच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तिथल्या इंजिनिअर मुलीने आम्हा दोघांना समोर बसवून समजावले. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. काजळी साठते, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने पळाली की त्या उष्णतेने जळून जाते. उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर काजळी तयार होत राहते आणि जळत नाही. पिवळा दिवा जाळी भरल्याचा होता.

"सुरू केल्यावर अर्धं मिनिट पुरे होतं, काका," ती म्हणाली. "मग हळू निघायचं. हिला तापवायचं नव्हतं, पळवायचं होतं."

तात्यांनी मफलर सोडून मांडीवर घेतला. "दिवा लागला तवाच पळवली असती तर?"

"तर तेव्हाच विझला असता. पुस्तकात पहिल्या पानांतच दिलंय."

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले होते. मफलर त्यांनी पुन्हा बांधला नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाने मला वस्तुस्थितीचा अहवाल मागितला. मी पाच वाक्ये लिहिली. चालक थंडीच्या दिवसांत गाडी उभी ठेवून दीर्घकाळ इंजिन चालू ठेवत असत. इशाऱ्याचा दिवा लागल्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. त्यामुळे जाळी तुंबली. चालकाचा हेतू गाडीची काळजी घेण्याचाच होता. त्यांची आजवरची सेवा निर्दोष आहे. एकही वाक्य खोटे नव्हते. सहावे वाक्य मी लिहिले नाही. दिवा लागल्यावर चालकाने मला पुस्तक पाहायला सांगितले होते आणि मी पाहिले नाही. संपादकांना माझी जागाही बंद करायची होती, हे मला तेव्हा ठाऊक होते. ते वाक्य मनात तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागेवर. मी अहवाल पाठवून दिला.

आठवड्यात उत्तर आले. तात्यांची नेमणूक पुढे वाढवली जाणार नव्हती.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी ती धुतली. खणातले, दारातले स्वतःचे सामान काढले: एक टॉर्च, हवा मोजायचे मीटर, देवाचा फोटो. चावी माझ्या टेबलावर ठेवली. "येतो सायेब. कान बांधत जावा थंडीचं." एवढेच.

त्यानंतरची दोन वर्षे गाडी मी चालवली. इंजिनिअर मुलीने सांगितले होते तसेच. बसायचे, चावी, अर्धे मिनिट, हळू निघायचे. पहिल्या काही सकाळी बबन सवयीने मोटारसायकल घेऊन शेजारी आला. मी काच खाली करून 'काय म्हणतोस' विचारी, तो 'बरं हाय' म्हणे आणि गाडी निघे. नंतर तो पलीकडे चहाच्या गाड्यावरूनच हात वर करू लागला. त्याच्या धाकट्या भावाने विहिरीत जीव दिल्याचे मला आमच्याच वर्तमानपत्रातून कळले. बातमी दुसऱ्याने दिली होती. आम्ही वर्षानुवर्षे एकाच पत्र्यावर हात शेकले होते.

गाडी त्या दोन वर्षांत एकदाही बिघडली नाही. मी वेळेवर पोचत होतो, फोटो वेळेवर जात होते. सहाला कार्यालयासमोर बसलो की नजर काचेतून बॉनेटवर जाई, आणि चार-पाच जणांचे हात तिथे असावेत असे वाटे. कुणीतरी म्हशीवरून बोलावे, तात्यांनी मफलर सावरत 'लागतंय काय' विचारावे. अर्धे मिनिट संपे आणि मी गिअर टाके.

कन्हेरी बारामतीपासून इतकी जवळ आहे की सायकलने जाता येते. तात्यांनी चावी टेबलावर ठेवल्यापासून मला तिथे जायला चार महिने लागले. ऊन तापू लागले होते. तात्या घरामागच्या वांग्याच्या तुकड्यात पाणी देत होते. बांधावरच्या बाभळीखाली आम्ही बसलो. त्यांच्या पत्नीने तांब्याभर पाणी आणि गूळ आणून ठेवला. "बरं झालं आलासा. हे कुनाला म्हनत न्हायती, पर रोज रस्त्याकडं बघत्यात," असे म्हणून त्या आत गेल्या.

मी प्रस्तावना केली नाही. अहवालात काय लिहिले ते सांगितले, आणि काय लिहिले नाही तेही.

तात्या सरीत जाणाऱ्या पाण्याकडे पाहत ऐकत होते. "ठाव हाय मला," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"खन मोकळा केला तवा पुस्तक बघितलं की. वरची पिशवी बी फोडल्याली न्हवती."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"बोलून? माझं तर गेलंच व्हतं. तुमाला ऱ्हायचं व्हतं अजून तितं." मग त्यांनी विचारले, "गाडी बरी हाय?"

"बरी आहे. आता काही त्रास नाही."

"दिवा?"

"लागत नाही."

त्यांनी मान हलवली. हे ऐकण्यासाठीच ते चार महिने थांबले असावेत, असे मला वाटले. मी उठणार होतो.

"सकाळी किती वाजता निघता?"

"सहाला. बसलो की निघतो. थांबावं लागत नाही."

तात्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले.

"मग मानसांशी बोलता कवा?"

"नाही बोलत, तात्या."

सरी भरत आली होती. तात्यांनी खोरे उचलले, मातीचे तोंड फोडले आणि पाणी पुढच्या सरीत सोडले.